बोलायची पाळी कोणाची? लॅनची गोष्ट, वर्गापासून चाकणच्या लाइनपर्यंत



दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या शाळेतल्या संगणक कक्षाने असहकार पुकारला. संगणक चालू व्हायचे, पण प्रिंटर सापडेना, इंटरनेट येईना. यूडायसची माहिती भरायला दोनच दिवस उरलेले. शेवटी लोकवर्गणीतून जास्त वेगाचं इंटरनेट कनेक्शन घ्यायचं जवळजवळ ठरलं. तेवढ्यात एक पालक मुलीला न्यायला आले. चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहेत. ते टेबलाखाली वाकले, तिथल्या स्विचमधून एक केबल उपटली आणि माझ्या हातात दिली. सगळं सुरू! साफसफाई करताना कोणीतरी (बहुधा मीच) एका सुट्या केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये खोचून ठेवली होती.

जाताना ते म्हणाले, "मॅडम, कंपनीत असं झालं असतं तर लाइन थांबली असती." लोकांनी दिलेले पैसे आम्ही चुकीच्या ठिकाणी घालणार होतो, कारण इंटरनेट आणि लॅन यांतला फरक आम्हाला नीट माहीत नव्हता. तो कळावा म्हणून हा लेख.

लॅन म्हणजे लोकल एरिया नेटवर्क. एका खोलीतले, इमारतीतले किंवा आवारातले संगणक जोडणारं आपलं स्वतःचं जाळं. इंटरनेट हा बाहेरचा हायवे धरला, तर लॅन म्हणजे सोसायटीच्या आतला रस्ता. आतल्या रस्त्यावर कोणी ट्रक आडवा लावला, तर हायवे सहापदरी करून काय उपयोग?

आता या जाळ्याचा मूळ प्रश्न बघू. एकच तार आहे आणि बोलणारे पुष्कळ आहेत. मग कोणी कधी बोलायचं? आपण शिक्षक हा प्रश्न रोजच सोडवत असतो! त्याची दोन उत्तरं आहेत आणि लॅनचा सगळा इतिहास त्या दोन उत्तरांभोवती फिरतो.

पहिलं उत्तर: शांतता दिसली की बोला. याची सुरुवात हवाई बेटांवर झाली. १९७१ मध्ये तिथे नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलोहानेट नावाची रेडिओवर चालणारी व्यवस्था सुरू केली. बोलायचं तेव्हा बोला. दोघं एकदम बोलल्यामुळे निरोप पोचला नाही, तर थोडं थांबून पुन्हा बोला. ही कल्पना रॉबर्ट मेटकाफ यांनी उचलली. २२ मे १९७३ रोजी अमेरिकेतल्या झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात त्यांनी एक टिपण लिहिलं आणि डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत जाळं उभं केलं. तेच इथरनेट. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. मेटकाफ यांनी नियम जरा सुधारला: आधी कान द्या, तार मोकळी असेल तरच बोला, आणि बोलतानाही ऐकत राहा. टक्कर झालेली कळली की लगेच गप्प बसा.

टक्कर झाल्यावर किती थांबायचं, हा भाग मला फार आवडतो. पहिल्या टकरीनंतर प्रत्येक संगणक ० किंवा १ यांतला एक आकडा चिठ्ठी काढल्यासारखा निवडतो आणि तेवढे क्षण थांबतो. पुन्हा टक्कर झाली तर ० ते ३ मधला, मग ० ते ७ मधला. असं वाढत दहाव्या टकरीनंतर ० ते १०२३ पर्यंत. सोळाव्या प्रयत्नालाही जमलं नाही, तर तो निरोप सोडून देतो. १० मेगाबिटच्या इथरनेटमध्ये हा एक क्षण ५१.२ मायक्रोसेकंदांचा असतो. गर्दी जितकी जास्त, तितकं लांब थांबायचं. वर्गात आपण हे शिकवू शकलो असतो तर!

१९८० मध्ये डिजिटल, इंटेल आणि झेरॉक्स या तीन कंपन्यांनी १० मेगाबिटच्या इथरनेटचे नियम जाहीर केले आणि १९८३ मध्ये ८०२.३ या क्रमांकाने त्याचं मानक ठरलं. तेव्हा केबल जाड असायची, तिचा एक तुकडा ५०० मीटरपर्यंत चालायचा. नंतर बारीक केबल आली, ती १८५ मीटरपर्यंत. ती एका संगणकाकडून दुसऱ्याकडे अशी माळेसारखी जायची आणि माळेतला एक जोड सैल झाला की सगळे संगणक गप्प.

दुसरं उत्तर: पाळी आली की बोला. वर्गात एक खडू फिरवायचा. ज्याच्या हातात खडू तोच बोलेल आणि बोलून झालं की खडू पुढे देईल. या खडूला टोकन म्हणतात. आयबीएमने १९८५ मध्ये टोकन रिंग बाजारात आणलं, आधी ४ आणि पुढे १६ मेगाबिट वेगाचं. इथे टक्कर होतच नाही.

हे गणित मुलांकडून करून घ्या. वर्गात ३० मुलं, प्रत्येकाला जास्तीत जास्त १० सेकंद. तर एखाद्याला जास्तीत जास्त किती थांबावं लागेल? २९ गुणिले १०, म्हणजे २९० सेकंद. म्हणजे ४ मिनिटं ५० सेकंद, त्याहून एकही सेकंद जास्त नाही. पहिल्या पद्धतीत वर्ग शांत असेल तर लगेच बोलता येतं, खडूची वाट बघावी लागत नाही. पण गोंधळ असेल तर नंबर कधी लागेल, सांगता येत नाही. तळेगाव चौकात संध्याकाळी शिफ्ट सुटताना अडकलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. कधी पाच मिनिटं, कधी पाऊण तास.

ऑफिसात एक पत्र अर्ध्या सेकंदाने उशिरा छापलं तर कोणाचं बिघडत नाही. कारखान्यात बिघडतं. गाडीचा सांगाडा वेल्ड करणारा रोबोट आणि त्याच्याकडे सांगाडा सरकवणारा पट्टा यांना एकमेकांचे निरोप ठरल्या वेळेच्या आतच मिळायला हवेत. सरासरी वेग कितीही चांगला असो, एकदा जरी 'थांब' हा निरोप उशिरा पोचला तरी मोडतोड ठरलेली. म्हणून १९८० च्या दशकात अमेरिकेच्या जनरल मोटर्सने आपल्या कारखान्यांसाठी मॅप नावाची व्यवस्था आखली, तेव्हा इथरनेट न घेता टोकन बस घेतली. केबल असेंब्ली लाइनच्या कडेने सरळ जाणारी, पण बोलण्याची पाळी मात्र गोल फिरणारी. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत, हाही हेतू होता.

याच जनरल मोटर्सचा तळेगावचा कारखाना २००८ मध्ये सुरू झाला (आता तो ह्युंदाईकडे गेला आहे). पुढच्याच वर्षी चाकणला फोक्सवॅगन आली. तोपर्यंत जगभर टोकन बस मागे पडली होती आणि टोकन रिंगही. मग जिंकलं कोण? गोंधळाचं इथरनेट!

त्याची दोन कारणं. एक म्हणजे किंमत. इथरनेटची कार्डं अनेक कंपन्या बनवू लागल्या आणि स्वस्त झाली. १९९० मध्ये ते टेलिफोनच्या वायरसारख्या पीळदार तारांवर चालू लागलं, आपल्या निळ्या-करड्या केबल त्याच घराण्यातल्या. एका तुकड्याची लांबी १०० मीटरपर्यंत. पुढे १९९५ मध्ये वेग १०० मेगाबिट झाला, १९९९ मध्ये तांब्याच्या तारेवर १००० मेगाबिट. टोकन रिंग मागेच राहिलं.

दुसरं कारण स्विच, आणि माझ्या मते खरं कारण हेच. आधी मध्यभागी हब असायचा. हब म्हणजे एकाचं बोलणं सगळ्यांना मोठ्याने ऐकवणारा. स्विच हुशार असतो. प्रत्येक संगणकाच्या कार्डाला ४८ बिटांचा पत्ता असतो. कुठल्या भोकातून कोणत्या पत्त्याचा निरोप आला हे स्विच लक्षात ठेवतो आणि पुढच्या वेळी त्या पत्त्याचा निरोप त्याच भोकातून पाठवतो. येण्याची आणि जाण्याची वाट वेगळी. त्यामुळे टक्करच उरली नाही. एकच तार सगळ्यांनी वाटून घ्यायची, ही अडचणच संपली.

मग आमची केबल का नडली? काही निरोप 'सर्वांसाठी' असतात, उदाहरणार्थ "हा पत्ता कोणाचा आहे?" असा निरोप स्विच बाकी सगळ्या भोकांतून बाहेर पाठवतो. दोन्ही टोकं त्याच स्विचमध्ये असतील, तर एका टोकातून गेलेला निरोप दुसऱ्या टोकातून परत येतो, स्विच त्याला नवा समजून पुन्हा सगळीकडे पाठवतो, तो पुन्हा परत येतो... काही क्षणांत तार भरून जाते. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्येच शोधला. त्यात स्विच एकमेकांशी बोलून असे फेरे ओळखतात आणि एक वाट बंद ठेवतात. कारखान्यातल्या महाग स्विचमध्ये तो असतो. शाळेला परवडणाऱ्या साध्या स्विचमध्ये बहुतेकदा नसतो.

स्विच आला तरी कारखान्याचा प्रश्न पूर्ण सुटला नव्हता. टक्कर नाही, पण रांग असतेच. सीसीटीव्हीच्या चित्रांच्या लोंढ्यामागे रोबोटचा छोटा निरोप अडकला तर? म्हणून प्रोफिनेट, इथरकॅट (२००३) असे कारखान्यासाठीचे इथरनेटचे प्रकार आले. पुढे मूळ इथरनेटच्या मानकातच वेळेचे नियम घालायला सुरुवात झाली. त्यात सगळी यंत्रं घड्याळं जुळवतात आणि स्विच ठरल्या क्षणी महत्त्वाच्या निरोपांसाठी फाटक उघडतो, बाकीच्यांना थांबवतो. म्हणजे बघा, हरलेली 'पाळी' मागच्या दाराने परत आली!

वायफायचंही तसंच. १९९७ मध्ये २ मेगाबिटने सुरुवात झाली. हवा सगळ्यांची एकच, म्हणून पुन्हा हवाई बेटांचाच प्रश्न. शिवाय रेडिओला बोलताना दुसऱ्याचं ऐकू येत नाही, त्यामुळे टक्कर ओळखण्यापेक्षा टाळावी लागते. एका खोलीत चाळीस टॅब चालू केले की सगळे रेंगाळतात ते यामुळे. वायफाय ६ मध्ये मात्र मधलं यंत्रच "तू आता बोल, तू नंतर" असं वाटून देऊ शकतं. आपल्यासारखंच.

आता तुमच्या शाळेत करून बघा. ७०० मेगाबाइटची एक फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर लॅनने कॉपी करा. १०० मेगाबिटच्या स्विचवर साधारण एक मिनिट लागायला हवं. जुना १० मेगाबिटचा हब असेल तर नऊ मिनिटांच्या वर. लॅन नीट असून वेबसाइटच हळू उघडत असेल, तर मगच बाहेरच्या कनेक्शनकडे बघा. आणि कोणी काहीच करत नसताना स्विचवरचे सगळे दिवे एकदम वेड्यासारखे लुकलुकत असतील, तर टेबलाखाली वाका. आमच्याकडे आता प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना एकाच रंगाची चिकटपट्टी लावली आहे. एका स्विचवर सारख्या रंगाच्या दोन पट्ट्या दिसल्या की चौथीतली मुलंसुद्धा ओरडतात.