जुन्या रायफलीचे मोल

जुन्या लष्करी रायफली जमवण्याचा छंद इंग्लंड-अमेरिकेत पुष्कळांना आहे. या छंदातली एक गोष्ट नवख्या माणसाला कोड्यात टाकते. घासूनपुसून, व्हार्निश लावून चकचकीत केलेल्या रायफलीला किंमत कमी येते, आणि डाग पडलेल्या, ओरखडे उठलेल्या रायफलीला जास्त! असे का बरे?

ली-एन्फिल्डचेच उदाहरण घेऊ. आपल्याकडे पोलिसांच्या खांद्यावर वर्षानुवर्षे दिसे, तीच ही 'थ्री नॉट थ्री'. तिचा आखूड नमुना ब्रिटिश सैन्याने १९०४ च्या सुमारास घेतला. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यातही ती तयार होई. दुसरे महायुद्ध संपले आणि अशा ढिगावारी रायफली अमेरिका-कॅनडात अगदी स्वस्तात विकल्या गेल्या. तिकडच्या शिकाऱ्यांना हलकी बंदूक हवी होती. त्यांनी नळीवरचे लाकूड कापले, संगीन अडकवायची टोपी काढून टाकली, कुणी नळी आखूड केली, तर कुणी दुर्बीण बसवायला पोलादाला भोके पाडली. त्यांचे काम झाले. ढिगाने मिळणाऱ्या वस्तूची कदर त्या वेळी कोण करणार?

आता संग्राहकाचे पाहा. तो रायफल हाती घेतो आणि आधी आकडे वाचतो. सांगाड्यावरचा आणि बोल्टवरचा नंबर एकच आहे का? कारखान्याचा शिक्का, साल, तपासनिसाची खूण शाबूत आहे का? त्याच्या लेखी ही रायफल म्हणजे दस्तऐवज. सातबाराच्या उताऱ्यावर खाडाखोड झाली तर आपण तो मानू का? तसेच हे आहे. म्हणून अस्सल रूपातल्या रायफलीला कापलेलीच्या दुप्पट-तिप्पट किंमत पुष्कळदा येते.

लाकूड गेले तर त्याच नमुन्याचे दुसरे बसवता येते. पण कापलेली नळी वाढत नाही, भोक बुजवले तरी व्रण राहतो, आणि घासून गेलेला शिक्का तर कायमचाच गेला.

मग प्रत्येक बदल वाईटच का? नाही. १८५३ च्या एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसांवरून आपल्याकडे १८५७ साली असंतोष पेटला. ती ठासणीची होती. १८६६ पासून सरकारनेच तशा रायफलींची नळी मागून कापून, स्नायडरची झडप बसवून, त्या मागून काडतूस भरण्याजोग्या केल्या. हा बदल सैन्याच्या इतिहासाचाच भाग, त्यामुळे त्यालाही मोल आहे. तेव्हा बदल कुणी केला, केव्हा केला आणि कशासाठी केला, हे तीन प्रश्न विचारायचे.

शिक्षक मंडळींनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. गावात जुनी पायली, लामणदिवा किंवा अडकित्ता सापडला, तर लगेच चिंच लावून लख्ख करू नका. आधी त्यावरची अक्षरे उतरवून घ्या, वस्तू कुणाच्या घरची ते लिहून ठेवा. नाहीतर करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत व्हायची!