कोपऱ्यातल्या सहा वड्या

चल, आधी एक सोपं गणित. ४३ गुणिले ४७ किती?

मांडलंस? गुणलंस? हातचा विसरला नाहीस ना? बरोबर, २०२१! अर्ध्या मिनिटाचं काम.

आता तेच उलटं करू या. समज, मी तुला ४३ आणि ४७ सांगितलेच नाहीत. फक्त २०२१ दिले आणि म्हटलं, “ओळख पाहू, कोणत्या दोन संख्यांचा हा गुणाकार?”

बापरे! दोनने भाग जात नाही. तीनने नाही. पाचने नाही, सातने नाही. अकरा, तेरा, सतरा... पेन्सिलीचं टोक झिजलं तरी उत्तराचा पत्ता नाही!

किती गंमत आहे बघ. गुणायला अर्धं मिनिट, आणि झालेला गुणाकार उलगडायला अख्खी दुपार!

या उलगडण्यालाच ‘अवयव पाडणे’ म्हणतात. आठवीच्या पुस्तकात तर बैजिक राशींचे अवयव पाडायला एक सबंध धडा दिलाय. त्या धड्याचं नाव काढलं की पुष्कळ ताई-दादा कपाळाला हात लावतात. पण तो धडा म्हणजे खरं तर एक मस्त कोडं आहे. आणि ते सोडवायला आपल्याला काय लागणार, सांग बघू? खोबऱ्याच्या वड्यांचा ट्रे!

ट्रेला तूप लावलंय, सारण थापलंय, सुरीने उभ्या-आडव्या रेघा मारल्यात. पाच रांगा, प्रत्येक रांगेत सात वड्या. एकूण ३५. हा झाला गुणाकार.

आता उलट. तुझ्याकडे ३५ वड्या आहेत. त्या आयतात मांड. अट एकच: मध्ये भोक नको आणि एकही वडी उरायला नको. पाच गुणिले सात! (सगळ्या एकाच लांब रांगेत मांडता येतील म्हणा, पण त्यात काय मजा?) ५ आणि ७ हे ३५ चे अवयव. अवयव म्हणजे ट्रेच्या दोन बाजू. झालं, एवढंच!

आता त्यात दोन वड्या आणखी टाक. ३७ झाल्या. मांड बरं आयतात. दोन रांगा? एक उरते. तीन? एक उरते. पाच? दोन उरतात. काही केल्या जमत नाही! ३७ वड्या हट्टी आहेत. एकच लांबलचक रांग, दुसरं काही नाही. अशा हट्टी संख्यांना मूळ संख्या म्हणतात.

आता जरा जवळ ये, कारण खरी जादू पुढे आहे.

बीजगणितात अक्षरं येतात आणि सगळ्यांची धांदल उडते. क्ष म्हणजे काय रे देवा? अरे, क्ष म्हणजे फक्त न सांगितलेली लांबी! चल, एक जुना पुठ्ठा घे आणि कात्री. तुझ्या दप्तरातली पेन्सिल काढ. ती मोजायची नाही हं! तिची लांबी, ती जी काही असेल ती, म्हणजे आपला क्ष.

पेन्सिलीएवढ्या बाजूचा एक मोठा चौरस काप. ही आपली न कापलेली मोठी वडी. पेन्सिल गुणिले पेन्सिल, म्हणजे क्ष². मग पेन्सिलीएवढ्या लांब आणि एक सेंटिमीटर रुंद अशा पाच पट्ट्या काप. प्रत्येक पट्टी म्हणजे क्ष, पाच मिळून ५क्ष. शेवटी एक सेंटिमीटर बाजूच्या सहा चिमुकल्या चौरस वड्या. त्या झाल्या ६.

सगळं मिळून काय झालं? क्ष² + ५क्ष + ६. पुस्तकात भीती दाखवणारी ती राशी आता तुझ्यासमोर जमिनीवर पसरलीय!

कोडं तेच. यातून भोक नसलेला, काही न उरलेला आयत बनव.

मोठा चौरस ठेवलास? आता पट्ट्या. काही त्याच्या उजवीकडे उभ्या लागतील, काही खाली आडव्या. समज, चार उजवीकडे लावल्या आणि एक खाली. आता उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात बघ. तिथे रिकामी जागा राहिली! ती केवढी? चार सेंटिमीटर रुंद, एक सेंटिमीटर उंच. म्हणजे चार वड्या मावल्या आणि दोन उरल्या. छे! जमलं नाही.

मग तीन उजवीकडे लाव आणि दोन खाली. कोपरा किती? तीन रुंद, दोन उंच. तीन दुणे सहा! सहाच्या सहा वड्या कोपऱ्यात चपखल बसल्या! आयत पूर्ण!

आता बाजू मोज. आडवी बाजू: पेन्सिल आणि तीन. उभी बाजू: पेन्सिल आणि दोन. म्हणजे

क्ष² + ५क्ष + ६ = (क्ष + ३)(क्ष + २)

पाडलेस की अवयव!

वर्गात सांगतात ना, “अशा दोन संख्या शोधा, ज्यांची बेरीज ५ आणि गुणाकार ६”? पुष्कळ मुलं ते नुसतं पाठ करतात. बेरीज का, गुणाकार का, काही कळत नाही. पण तू आत्ता डोळ्यांनी पाहिलंस! बेरीज ५, कारण पाच पट्ट्या दोन बाजूंना वाटायच्या होत्या. गुणाकार ६, कारण त्या वाटणीने पडलेला कोपरा सहा वड्यांनी भरायचा होता. मला विचारशील तर सगळा धडा त्या कोपऱ्यात आहे. पुढे कधी अडलं आणि कुणाची मदत घ्यायची झाली, तर नुसतं “हे समजत नाही” म्हणण्यापेक्षा “यातला कोपरा मला काढून दाखव ना” असं म्हण. मदत करणाऱ्यालाही लगेच कळेल नेमकं कुठे अडलंय!

आणि बाईंनी क्ष² + ५क्ष + ५ दिलं तर? एक-चार अशी वाटणी केली तर कोपरा चारचा. दोन-तीन केली तर सहाचा. पाचचा कोपरा होतच नाही! ही ३७ सारखीच हट्टी राशी. पूर्ण संख्या वापरून तिचा आयत होणारच नाही. म्हणजे उत्तर आलं नाही की दर वेळी आपलंच चुकलेलं असतं असं नाही, कधी कधी राशीच हट्टी असते!

आता सांग, तुझी पेन्सिल बरोब्बर १० सेंटिमीटरची निघाली तर काय होईल?

क्ष² झाले १००. ५क्ष झाले ५०. वर ६. एकूण १५६. आणि बाजू? १० + ३ म्हणजे १३, १० + २ म्हणजे १२. गुणून बघ, १२ × १३ = १५६!

पण थांब, तो १५६ नीट बघ. एक, पाच, सहा. आपल्या राशीत काय होतं? एक क्ष², पाच क्ष आणि सहा. अरेच्चा! तेच आकडे!

म्हणजे तू इतके दिवस जो दोन अंकी गुणाकार करत होतास किंवा करत होतीस, तो क्षच्या जागी १० ठेवलेलं बीजगणितच होतं! क्ष² + ७क्ष + १२ घे. तीन आणि चार पट्ट्या, कोपरा बाराचा, म्हणून (क्ष + ३)(क्ष + ४). आणि १३ × १४ किती? १८२. १-७-१२ नाही दिसत? नीट बघ, १२ मधला १ हातचा म्हणून सातात गेला, ७ चे ८ झाले!

आता थोडं मागे जाऊ, नऊशे वर्षं मागे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० मध्ये, त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्यातल्या एका भागाचं नावच ‘बीजगणित’. त्यांच्याकडे क्ष नव्हता. अज्ञात संख्येला ते ‘या’ लिहीत, तिच्या वर्गाला ‘याव’ आणि साध्या संख्येला ‘रू’. आपली राशी त्यांच्या वहीत अशी दिसली असती:

याव १ या ५ रू ६

आणि एकाहून जास्त अज्ञात संख्या आल्या की? चक्क रंग! ‘का’ म्हणजे काळा, ‘नी’ म्हणजे निळा, ‘पी’ म्हणजे पिवळा, ‘लो’ म्हणजे लाल. रंगीत बीजगणित! त्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. ते सांगणारा शिलालेख आपल्या जळगाव जिल्ह्यात चाळीसगावजवळ पाटणच्या देवळात आहे.

अरे हो, आपला २०२१ राहिलाच की! त्याची युक्ती फार सुंदर आहे.

२०२१ च्या जरा पुढचा वर्ग कोणता? ४५ × ४५ = २०२५. किती जास्त झाले? फक्त चार. म्हणजे ४५ बाय ४५ वड्यांचा भलामोठा चौरस ट्रे, आणि कुणीतरी एका कोपऱ्यातल्या २ बाय २ वड्या गट्टम केल्यात!

कोपरा तुटलेला ट्रे आयत कसा होणार? उलथनं घे. त्या भोकाला लागून दोन वड्या रुंद आणि ४३ वड्या लांब अशी पट्टी उरलीय ना? ती अलगद उचल आणि फिरवून उरलेल्या ट्रेच्या कडेला जोड. काय झालं? एक बाजू दोनने कमी, ४३. दुसरी दोनने जास्त, ४७. ४३ × ४७!

पुस्तकात हेच अ² − ब² = (अ + ब)(अ − ब) असं लिहितात. फ्रान्समध्ये पिएर द फर्मा नावाचे एक गृहस्थ होते. कोर्टकचेरी हा त्यांचा पेशा आणि गणित हा छंद! १६४३ च्या सुमारास त्यांनी याच युक्तीने २,०२,७६,५१,२८१ ही संख्या फोडली. पुढचे वर्ग एकामागून एक तपासत गेलं की बाराव्या वेळी ४५,०४१ चा वर्ग येतो. त्यातून १,०२० चा वर्ग वजा केला की बरोब्बर ही संख्या! म्हणून अवयव ४६,०६१ आणि ४४,०२१. फक्त बारा तपासण्या!

पण सगळ्या संख्या इतक्या गुणी नसतात.

६७ वेळा २ लिही, सगळे एकमेकांशी गुण आणि एक वजा कर. येतात १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस अंकी! १६४४ मध्ये मर्सेन नावाच्या विद्वानाने सांगितलं की ही मूळ संख्या आहे, म्हणजे ३७ सारखी हट्टी. १८७६ मध्ये ल्यूका नावाच्या गणितज्ञाने सिद्ध केलं, छे, ही हट्टी नाही, हिचे अवयव पडतात. पण कोणते, ते मात्र त्यालाही सांगता येईना! आयत होतो हे पक्कं, बाजू मात्र ठाऊक नाहीत. आहे की नाही कमाल?

मग आली ३१ ऑक्टोबर १९०३ ची सभा. गाव न्यूयॉर्क, समोर अमेरिकेतले गणितज्ञ. फ्रँक नेल्सन कोल हे प्राध्यापक फळ्याकडे गेले. गोष्ट अशी सांगतात, की ते एक शब्दही बोलले नाहीत. एका बाजूला त्यांनी ६७ वेळा दोनचा गुणाकार करून एक वजा केला. दुसऱ्या बाजूला लिहिलं १९,३७,०७,७२१ × ७,६१,८३,८२,५७,२८७ आणि शांतपणे गुणायला लागले. पायरीमागून पायरी. खडूचा तेवढा आवाज.

दोन्ही उत्तरं एकच आली! कोल मुकाट्याने जागेवर जाऊन बसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. शोधायला किती वेळ लागला, असं पुढे कुणीतरी विचारलं. म्हणे तीन वर्षांचे रविवार! आणि तपासायला? फळ्यावरचा एक गुणाकार!

या अवघडपणाचाही उपयोग होतो बरं का! १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर आणि एडलमन या तिघांनी त्यातून चक्क कुलूप बनवलं. दोन मोठ्ठ्या मूळ संख्या गुणायच्या आणि उत्तर सगळ्या जगाला सांगून टाकायचं. उलगडता येत नाही तोवर कुलूप उघडणार नाही! संगणकावरचे निरोप गुप्त ठेवायला अशी कुलपं वापरतात.

त्याच वर्षी त्यांनी एक गुप्त निरोप आणि १२९ अंकी संख्या छापली. फोडून दाखवा, १०० डॉलर घेऊन जा! कोट्यवधी वर्षं लागतील असा अंदाज होता. पण १९९४ मध्ये सुमारे सहाशे जणांनी आपापले संगणक कामाला लावले आणि काही महिन्यांत ती फोडली. एक अवयव ६४ अंकी, दुसरा ६५ अंकी. आणि तो गुप्त निरोप काय होता माहितीये? त्यात जादूचे शब्द म्हणून किळस येणारं एक गिधाड होतं! तेही हाडं खाणारं दाढीवालं गिधाड, जे आपल्या हिमालयात राहतं. हाडं खाणाऱ्याला कसली आलीय किळस!

आता तुझी पाळी. या चार ट्रेंच्या बाजू शोध:

१७६३
३५९९
८०५१
क्ष² + ९क्ष + २०

पहिल्या तिघांसाठी पुढचा वर्ग काढ आणि कोपऱ्यातल्या किती वड्या गायब आहेत ते बघ. चौथ्यासाठी पुठ्ठा आणि कात्री घे. उत्तरं आम्ही छापलेली नाहीत. तुझं उत्तर गुणून बघ की, अर्धं मिनिट लागेल!