शेवटची आणि सर्वांत लांब शर्यत

घोड्यांच्या शर्यतींविषयीं एका निवृत्त शिक्षकानें कौटुंबिक मासिकांत लिहावें, हें कित्येक वाचकांस चमत्कारिक वाटेल. जुगाराचा शेवट कशांत होतो हें ऋग्वेदांतील अक्षसूक्तापासून आपणांस ठाऊक आहे. पैजेचें समर्थन करण्याचा माझा मुळींच हेतु नाहीं. परंतु आमच्या आगर गांवाजवळच्या डहाणू रोड स्टेशनावरून ज्या बडोद्याकडे गाड्या जातात, त्या बडोद्याच्या महाराजांच्या एका घोड्याची हकीकत घरांतील मुलांस सांगण्याजोगी खास आहे.

१९४५ सालीं महाराज प्रतापसिंहराव गायकवाड यांनीं इंग्लंडांत न्यूमार्केट येथील लिलांवांत एक वर्षाचें शिंगरूं २८,००० गिनींस घेतलें. तेव्हांच्या दरानें हे सुमारें ३ लाख ९२ हजार रुपये झाले. एवढी किंमत तेथें तोंवर एक वर्षाच्या कोणत्याहि शिंगरास आली नव्हती. त्याचा सख्खा भाऊ डांटे हा त्याच वर्षीं डर्बी जिंकला होता. महाराजांनीं शिंगरास आपल्या आजोबांचें नांव दिलें : सयाजीराव.

येथें मन अडखळतें. ज्या सयाजीरावांनीं १९०६ सालीं साऱ्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें, त्यांच्या नांवाच्या घोड्यावर एवढा पैसा! त्यांत किती शाळा उभ्या राहिल्या असत्या, हा हिशेब शिक्षकाच्या मनांत आल्यावांचून कसा राहील?

असो. इंग्लंडांत तीन वर्षांच्या घोड्यांसाठीं पांच मानाच्या शर्यती आहेत. प्रत्येक घोड्यास त्यांत आयुष्यांत एकदांच धांवतां येतें. १९४७ सालीं एक मैलाच्या ‘टू थाउजंड गिनीज’मध्यें सयाजीराव तिसरा आला. दीड मैलाच्या डर्बींतहि तो तिसराच; आगाखानांचा मिगोली त्याच्या पुढें दुसरा होता. एवढ्या किमतीचा घोडा, आणि दोनदां तिसरा! पुढें आयर्लंडची डर्बी मात्र त्यानें जिंकली.

पांचांपैकीं शेवटची आणि सर्वांत लांब शर्यत म्हणजे डॉंकास्टरची ‘सेंट लेजर’. १७७६ पासून चालत आलेल्या या शर्यतीचें अंतर पावणेदोन मैलांहून थोडें अधिक आहे. तेथें नुसता वेग पुरत नाहीं. आरंभीं आवरून धरलेला दम अखेरीस लागतो. भारत स्वतंत्र झाल्यावर पुढच्याच महिन्यांत, सप्टेंबर १९४७ मध्यें, एडगर ब्रिट या ऑस्ट्रेलियन स्वारासह सयाजीराव तेथें उतरला आणि आर्बार या घोड्यास केवळ डोक्याएवढ्या अंतरानें मागें टाकून जिंकला. मिगोली तिसरा आला.

ज्यांचें नांव त्या घोड्यास मिळालें, त्यांची गोष्टहि अशीच नव्हे काय? नाशिक जिल्ह्यांतील कवळाण्याचा गोपाळराव १८७५ सालीं दत्तक म्हणून बडोद्यास गेला, तेव्हां बारा वर्षांच्या त्या मुलास धड अक्षरओळखहि नव्हती. तोच पुढें ज्ञानाचा आश्रयदाता झाला.

मीं स्वतः एका मुलास पहिल्या सहामाहीच्या गुणांवरून ‘मंद’ म्हटलें होतें, वर्गासमोर. तो शब्द मला परत घेतां आला नाहीं. पुढल्या वर्षीं तो शाळेंतच आला नाहीं. त्या किमतीविषयींचा माझा आक्षेप अजूनहि कायम आहे. परंतु आपल्या घरांतील एखादें मूल पहिल्या मैलांत तिसरें आलें, तर निकाल सांगण्याची घाई करूं नये, एवढें तरी त्या मुक्या प्राण्याकडून आपण शिकावें.