जुनाट सायनसचा त्रास : औषध बदलण्याआधी तपासणी

नाक चोंदणे, घशात कफ उतरणे, गाल-कपाळ जड वाटणे, वास न येणे ही लक्षणे १२ आठवड्यांहून अधिक टिकली, तर त्या विकारास जुनाट सायनसदाह म्हणतात. असे रुग्ण बहुधा गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या घेऊनच येतात. एक अँटिबायोटिक लागू पडले नाही की दुसरे, मग तिसरे! परंतु या विकाराच्या मुळाशी दर वेळी जंतूच असतात असे नाही.

मग कारण ओळखावे कसे? कान-नाक-घसा तज्ज्ञ नाकात दुर्बीण घालून सायनसच्या तोंडाशी साचलेला पू घेतात. शस्त्रक्रिया करावी लागल्यास आतील अस्तराचा लहानसा तुकडाही काढतात. नाकपुडीत कापूस फिरवून घेतलेला नमुना फारसा उपयोगी नसतो, कारण तेथे निरोगी माणसाच्याही जंतू असतात.

तुकड्याचा एक भाग फॉर्मॅलिनमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. दुसरा भाग सलाइनमध्ये कल्चरसाठी पाठवतात. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरत असल्याने सगळा तुकडा त्यात टाकल्यास कल्चर होऊ शकत नाही.

अस्तरात इओसिनोफिल पेशींची गर्दी दिसल्यास अँटिबायोटिकचा सहसा उपयोग नसतो. तेथे स्टिरॉइडचा फवारा आणि मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुणे हे मुख्य उपचार होत. पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे. न्यूट्रोफिल पेशी अधिक असून कल्चरमध्ये जंतू वाढले, तर त्यांना मारणारे नेमके औषध निवडता येते. बुरशीचा गोळा आढळल्यास तो शस्त्रक्रियेने काढावा लागतो. केवळ जंतू सापडले म्हणून ते दोषी ठरत नाहीत. दोन्ही अहवाल व लक्षणे एकत्र पाहावी लागतात.

प्रत्येक रुग्णाला तुकडा तपासण्याची गरज नसते. मात्र एकाच नाकपुडीतून रक्त वा दुर्गंधीयुक्त स्राव येत असल्यास तपासणी टाळू नये. मधुमेहींमध्ये चेहरा दुखणे, डोळ्याभोवती सूज, टाळूवर काळा डाग दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. २०२१ मध्ये कोरोनानंतर पसरलेली म्युकरमायकोसिस ही बुरशीजन्य व्याधी अशीच ओळखली गेली. तिच्यावर अँटिबायोटिक चालत नाही.

कल्चरपूर्वी कोणती गोळी कधी घेतली, ते डॉक्टरांना जरूर सांगावे. घरात उरलेल्या गोळ्या मनाने घेऊ नयेत.