परदेशी शिकायला जायचे, पण कुठे? फिस्टुलाच्या ऑपरेशनची गोष्ट

नर्सिंगचा डिप्लोमा करून मी नुकतीच ड्युटीला लागले होते. वॉर्डात अगदी शेवटच्या खाटेवर एक बाई होती, वय वीस-बावीस. तीन दिवस कळा देऊन तिला मेलेले मूल झाले होते आणि तेव्हापासून लघवी सारखी गळत होती. घरात तिचे ताट वेगळे, अंथरूण वेगळे, झोपायला बाहेरचा ओटा. वॉर्डातही शेजारच्या खाटेचे नातेवाईक म्हणायचे, "सिस्टर, हिला इथून हलवा." मी डॉक्टरांना विचारले. ते प्रामाणिकपणे म्हणाले, "हे मी पुस्तकात वाचलंय, हाताने कधी केलेलं नाही." तिला मोठ्या शहराची चिठ्ठी दिली. ती तिथे पोहोचली की नाही, मला कधीच कळले नाही.

डॉक्टर हुशार होते. पण हे ऑपरेशन त्यांना शिकवणारे कोणी भेटले नव्हते. गरीब देशांतले डॉक्टर असे अवघड ऑपरेशन शिकतात कुठे, त्याबद्दल आज बोलू.

हा आजार काय आहे?

याला फिस्टुला म्हणतात. आपण ज्याला भगंदर म्हणतो तो गुदद्वाराचा आजार, तो वेगळा. बाळंतपणात बाई अडते, म्हणजे बाळाचे डोके खाली येते पण बाहेर पडत नाही. वेळेवर सिझर झाले नाही तर ते डोके तासन् तास, कधी दोन-तीन दिवस हाडावर दाबून राहते. मध्ये सापडलेल्या लघवीच्या पिशवीला आणि योनीमार्गाला रक्त मिळत नाही. तो भाग मरतो, काही दिवसांनी गळून पडतो आणि तिथे भोक पडते. मग लघवी, कधी संडाससुद्धा, अखंड गळत राहते. बाळ बहुतेक वेळा दगावलेले असते.

हा शाप नाही, बाईचा दोषही नाही. उशिरा मिळालेल्या उपचाराची ही जखम आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने दरवर्षी ५० हजार ते १ लाख स्त्रियांना ती होते. फार गुंतागुंत नसेल तर शिकलेल्या हाताने दहापैकी नऊ जणींचे भोक बंद होऊ शकते. मात्र पहिल्या ऑपरेशनलाच यशाची संधी सर्वांत जास्त असते. अर्धवट शिकलेल्या हाताने केले तर जागा आणखी आक्रसते आणि पुढचे ऑपरेशन अवघड होऊन बसते.

हे ज्ञान आले कुठून?

अमेरिकेतील अलाबामा राज्यात १८४५ ते १८४९ या काळात मॅरियन सिम्स नावाच्या डॉक्टरने हे ऑपरेशन बसवले. बसवले कोणावर? गुलाम असलेल्या काळ्या स्त्रियांवर, भूल न देता. त्यांतल्या तिघींची नावे इतिहासात राहिली आहेत: अनार्का, लूसी आणि बेट्सी. एकट्या अनार्कावर सुमारे तीस वेळा ऑपरेशन झाले. तिची संमती घेण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कायद्याने ती मालकाची वस्तू होती. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधला सिम्सचा पुतळा २०१८ साली हलवण्यात आला.

पुढे श्रीमंत देशांत प्रत्येक बाळंतिणीपर्यंत सिझर पोहोचले आणि तिथून हा आजार जवळजवळ नाहीसा झाला. आजारच उरला नाही, मग तो बरा करणारे हात कुठून राहणार? म्हणून आफ्रिकेतला डॉक्टर लंडनला गेला तर तिथे अनेक चांगल्या गोष्टी शिकेल, पण त्यातली बरीचशी यंत्रे त्याच्या गावच्या दवाखान्यात नसतात आणि फिस्टुला तर त्याला तिथे क्वचितच दिसेल.

शिकायला आदिस अबाबाला

१९५९ साली कॅथरीन आणि रेजिनाल्ड हॅम्लिन हे डॉक्टर जोडपे ऑस्ट्रेलियाहून इथिओपियात आले, सुईणींची शाळा सुरू करण्यासाठी. फिस्टुलाच्या बाया पाहून ते तिथेच राहिले आणि हे ऑपरेशन शिकले. १९७४ साली त्यांनी आदिस अबाबा शहरात फक्त याच आजारासाठी रुग्णालय उभे केले. बाहेरच्या देशांतले डॉक्टर तिथे शिकायला येऊ लागले.

तिथे त्यांना शिकवणाऱ्यांत एक होत्या मामितू गाशे. खेड्यातली मुलगी, लहान वयात लग्न, अडलेले बाळंतपण आणि फिस्टुला. उपचारासाठी आल्या आणि तिथेच कामाला लागल्या. आधी खाटा लावल्या, मग ऑपरेशनमध्ये मदत करू लागल्या, मग स्वतः ऑपरेशन करू लागल्या. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईने पदव्या घेतलेल्या डॉक्टरांचे हात घडवले. १९८९ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या सुवर्णपदकाचा मान त्यांनाही मिळाला.

शिकवतात कसे?

आता स्त्रीरोगतज्ज्ञांच्या 'फिगो' या जागतिक संघटनेने या शिक्षणाचा अभ्यासक्रम ठरवला आहे. त्यात तीन पायऱ्या आहेत. आधी साधी भोके, मग अवघड, मग सर्वांत गुंतागुंतीची. एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची नाही. शिकणारा डॉक्टर आपल्या देशातून प्रशिक्षण केंद्रात जातो आणि अनुभवी सर्जनच्या नजरेखाली काम करतो. तो परत गेल्यावर शिकवणारे सर्जन त्याच्या दवाखान्यात जाऊन त्याचे काम पाहतात.

नर्सलाही शिकवावे लागते. ऑपरेशननंतर दहा-चौदा दिवस लघवीची नळी वाहती राहिली पाहिजे. रात्री नळी तुंबली आणि कोणी पाहिले नाही, तर पिशवी फुगून सर्जनचे टाके उसवतात. एकटा डॉक्टर शिकून आला आणि वॉर्ड तसाच राहिला, तर उपयोग अर्धाच.

शिकून परत येतात का?

हा प्रश्न मोठा आहे. गरीब देश आपल्या पैशाने डॉक्टर घडवतो, डॉक्टर श्रीमंत देशात शिकायला जातो आणि बरेचदा तिथेच राहतो. यावर तोडगा म्हणून पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांनी १९९९ साली मिळून सर्जन शिकवणारे कॉलेज सुरू केले. त्याचे मुख्य कार्यालय टांझानियातील अरुशा येथे आहे. एक मोठी इमारत बांधण्याऐवजी त्या त्या देशातल्या रुग्णालयांतच शिक्षण होते. १९७४ ते २०१३ या काळात त्या भागात शिकून तयार झालेल्या सर्जनांचा अभ्यास झाला, तेव्हा सुमारे ८५ टक्के सर्जन शिकलेल्या देशातच काम करताना आढळले. जवळच्या देशात, आपल्यासारख्याच दवाखान्यात आणि आपल्यासारख्याच रोग्यांवर शिकलेला डॉक्टर टिकतो, हा त्याचा अर्थ.

तरीही गरज फार मोठी आहे. लॅन्सेट आयोगाने २०१५ साली सांगितले की जगातल्या ५०० कोटी लोकांना सुरक्षित आणि परवडणारे ऑपरेशन मिळत नाही.

आपण काय लक्षात ठेवायचे?

कळा सुरू झाल्या की घरी वाट पाहत बसू नका. १०८ ची गाडी मोफत आहे आणि सरकारी दवाखान्यात सिझरही मोफत आहे.

बाळंतपणानंतर किंवा गर्भपिशवीच्या ऑपरेशननंतर लघवी सारखी गळत असेल तर लपवू नका, लगेच दाखवा. भोक ताजे आणि लहान असेल तर काही आठवडे नळी ठेवूनही ते भरू शकते.

घरात अशी बाई असेल तर तिचे ताट वेगळे करू नका. हा आजार शिवल्याने पसरत नाही.

आणि ऑपरेशनला संमतीची सही करण्यापूर्वी विचारा, "डॉक्टर, हे ऑपरेशन तुम्ही याआधी किती केले आहेत? केले नसेल तर जिथे होते तिथे आम्हाला पाठवा." यात उद्धटपणा नाही. अनार्काला हा प्रश्न विचारता आला नाही. तुम्हाला तो विचारण्याचा हक्क आहे. चांगला डॉक्टर त्यावर रागावत नाही. माझ्या त्या डॉक्टरांनी तर न विचारताच खरे सांगितले होते. कमी पडलो ते आम्ही. चिठ्ठी हातात दिली, पण तिच्यासोबत कोणी गेले नाही. तुमच्या वस्तीत अशी चिठ्ठी कोणाच्या हातात असेल, तर तिच्यासोबत जा.