चौकटीबाहेरची गळती

हृदयाची झडप बदलली म्हणजे रोगी सुटला, अशी आपल्याकडील सर्वसाधारण समजूत आहे. परंतु बदललेल्या झडपेलाही पुढे दुखणी जडतात, त्यांची तजवीज कशी होते ते पाहून या, असे संपादकांनी सुचविले, तेव्हा पावले साहजिकच बंगळूरकडे वळली. बन्नेरघट्टा रस्त्यावरील जयदेव ही राज्य शासनाची स्वायत्त संस्था, डॉ. देवी शेट्टी यांचे बोम्मसंद्र येथील नारायण हृदयालय आणि २००१ साली व्हाइटफील्डला उघडलेले, रुग्णाकडून पैसा न घेणारे सत्यसाई रुग्णालय, एवढा हृदयोपचाराचा पसारा या एका शहरात आहे, आणि बेळगावकडची मराठी माणसेही फायलींची पिशवी काखोटीला मारून इकडेच येतात. संस्थांचा इतिहास त्यांच्या दप्तरी आहे. मला मोह पडला तो एका फटीचा.

ऱ्हुमॅटिक तापाने झडपा नासण्याचे प्रमाण आपल्या देशात अजून मोठे असल्यामुळे कृत्रिम झडप बसविलेले तरुण रुग्णही येथे पुष्कळ दिसतात. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत डॉ. वल्यथान यांच्या नेतृत्वाखाली घडलेली आणि ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम बसविली गेलेली चित्रा झडप घ्या: धातूचा सांगाडा, आत झुकणारी पॉलिएथिलीनची चकती, आणि भोवती टाके घालण्यासाठी पॉलिएस्टरचे कडे. हे कडे ज्या ऊतींना शिवायचे त्यांतच चुना साठला असेल, किंवा मागाहून जंतुसंसर्गाने टाके सुटले, तर दाराची फळी उत्तम मिटूनही चौकट व भिंत यांच्यामधून वारा यावा, तसे रक्त कड्याबाहेरून उलटे वाहू लागते. मग धाप लागते, पाय सुजतात; फट अरुंद असेल तर तिच्यातून वेगाने घुसणाऱ्या तांबड्या पेशी फुटतात, लघवी गडद होते आणि रक्त कितीही चढविले तरी पंडुरोग हटत नाही. पुन्हा छाती उघडणे पहिल्या वेळेपेक्षा अधिक जोखमीचे असते.

म्हणून काही वेळा छाती न उघडता कॅथेटरने, म्हणजे बारीक लवचिक नळीने, आतूनच फट बुजवितात. मिट्रल झडपेपाशी, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधील दारापाशी, पोहोचण्याचा एक मार्ग जांघेतील शिरेतून जातो. कॅथेटर उजव्या अलिंदात, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यात, येतो, दोन अलिंदांमधला पडदा सुईने टोचून डाव्या अलिंदात शिरतो आणि तेथून बारीक तार फटीतून पार करावयाची असते. आधार कमी पडला तर हीच तार पुढे महारोहिणीत नेऊन, धमनीतून आलेल्या फासात पकडून तिचे दुसरे टोकही शरीराबाहेर काढतात, म्हणजे दोन्ही टोके हातात राहतात. पण क्ष-किरणांच्या पडद्यावर ती फट दिसतच नाही! तार फटीतून गेली की खुद्द झडपेतून, हे सांगते अन्ननलिकेतील त्रिमितीय इको; म्हणून माझी नजर तार धरणाऱ्यापेक्षा रुग्णाच्या उशाशी उभ्या राहणाऱ्या इकोच्या डॉक्टरांवरच अधिक खिळली. झडपेचे वर्तुळ हे घड्याळ मानतात. महारोहिणी बाराच्या जागी, डाव्या अलिंदाचा कर्ण, म्हणजे त्याला जोडलेली कानासारखी पिशवी, नवाच्या. ‘पाचाकडे’ एवढा शब्द आला की पलीकडचा हात किंचित वळतो.

फट बुजविणारा प्लग निटिनॉलच्या, म्हणजे निकेल व टायटॅनियमच्या, तारांनी विणलेला असतो. नळीत ओढला की लांबट होतो, बाहेर पडताच मूळ आकार धरतो. वापरात येणारे पुष्कळसे प्लग मुळात दुसऱ्याच कामासाठी घडविलेले. १९९२ साली बोस्टनच्या डॉक्टरांनी अशा फटींचे जे प्रारंभीचे अनुभव प्रसिद्ध केले, त्यांतही जन्मतः उघडी राहिलेली रक्तवाहिनी मिटविण्याची रॅशकिंड छत्रीच उसनी घेतली होती. प्लग जागी बसला तरी तो केबलच्या टोकाशी स्क्रूने जखडलेलाच राहतो. चकती मोकळी हलते आहे ना, गळती आटली ना, हे पाहिल्यावाचून त्याला सोडीत नाहीत, आणि चकती अडत असेल तर सारा डाव मुकाट्याने नळीत परत ओढून घेतात. या साऱ्या विद्येत मला श्रेष्ठ वाटली ती ही माघारीची मुभा.

पण मुभेलाही मर्यादा आहेत. संसर्ग चालू असेल किंवा टाके इतके सुटले असतील की झडपच डुलते आहे, तर कॅथेटरने हात लावीत नाहीत; तो रुग्ण शल्यविशारदाचाच. दोन अलिंदांमधल्या पडद्यालगतची फट जवळ असूनही अवघड, कारण कॅथेटरला तेथे फारच आखूड वळण घ्यावे लागते. सर्वांत चमत्कारिक गोष्ट अशी की फट अर्धवट बुजली तर धाप कमी होते खरी, परंतु उरलेल्या चिंचोळ्या वाटेने जाळीवर आदळणारे रक्त कधी पूर्वीपेक्षा अधिक फुटू लागते, आणि बरे करण्यासाठी घातलेला प्लगच काढण्याकरिता शस्त्रक्रिया करावी लागते. धातूची झडप असल्यास रक्त पातळ ठेवण्याची गोळी व रक्त गोठण्याचा वेग मोजणारी आयएनआरची तपासणी चुकत नाही ती नाहीच. शिवाय फट बहुधा चंद्रकोरीच्या आकाराची आणि कित्येक प्लग गोल, त्यामुळे एका फटीला कधी दोन, कधी तीन लागतात, आणि किती लागतील हे तार पार होऊन इको पुन्हा पाहीपर्यंत खात्रीने सांगता येत नाही. खर्चाचा आकडा आधीच मागणाऱ्या नातेवाइकाला डॉक्टर एकापासून तिनापर्यंतचा हिशेब मांडून दाखवितात आणि संमतीपत्रावर सही घेतात.