पियानोला ताप आलाय!

रविवारची दुपार. न्यू जर्सीतल्या मित्राच्या हॉलमध्ये चक्क रॅखमनिनॉफ पियानो वाजवतोय! १९४३ साली वारलेला तोच तो रशियन उस्ताद. स्टुलावर कुणीच नाही, पट्ट्या मात्र आपोआप खाली-वर होताहेत. तिसरा रोल संपत आला नि जळक्या वार्निशचा वास सुटला. मित्राने पियानोखाली हात घातला आणि चटका बसून मागे घेतला. मोटर!

हा ॲम्पिको, १९२०च्या दशकातला अमेरिकन स्वयंचलित पियानो. आत भोकं पाडलेला कागदी रोल फिरतो. विजेची मोटर बेल्टने पंप फिरवते, पंप हवा खेचतो. कागदातलं भोक आलं की त्या सुराचा छोटा भाता मिटतो आणि हातोडी तारेवर पडते. रॅखमनिनॉफने ॲम्पिकोसाठी स्वतः वाजवून रोल करून दिले होते. मोटर बंद, की उस्ताद गप्प.

‘‘नवी बसव ना यार!’’ मी म्हटलं. मित्राने असं बघितलं, जणू मी आजोबांना बदलायला सांगितलं होतं. नव्या मोटरचा वेग वेगळा निघाला तर पंपाचं गणित बिघडतं, शिवाय जुन्या वस्तूचं जुनेपण जातं ते वेगळंच.

मग डिटेक्टिव्हगिरी सुरू. आधी प्लग काढून मोटर गार होऊ दिली. मग बेल्ट उतरवून ती नुसतीच फिरवली. आता गार राहिली असती, तर दोष ओझ्याचा, म्हणजे बेल्ट फार ताणलेला किंवा पंप जाम. पण पठ्ठी पाच मिनिटांत परत तापली! म्हणजे रोग आतच. (मी असतो तर तेल ओतून मोकळा झालो असतो.) प्लग काढून दांडा हाताने फिरवला, तर सहज फिरला. म्हणजे बेअरिंग ठीक.

उरला स्टार्टिंग स्विच. अशा मोटरीत सुरुवातीच्या धक्क्यापुरतं एक वेगळं वाइंडिंग असतं. वेग आला की स्विचने ते तोडायचं. इथे जुन्या ग्रीसच्या चिकट लगद्यात स्विच अडकलेला, त्यामुळे क्षणभराचं वाइंडिंग सतत चालू! वाइंडिंगवाल्याने स्विच साफ केला, मेगर लावून इन्सुलेशन तपासलं, कापडी वेष्टणाच्या तडकलेल्या वायरी बदलल्या आणि जास्त तापल्यास वीज तोडणारा कटआउट बसवला. वाइंडिंग थोडक्यात वाचलं होतं.

परवा व्हिडिओ कॉलवर रॅखमनिनॉफ पुन्हा ऐकला. मित्र पियानोशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला होता, एक हात मोटरवर.